सोडून दिलेला मासा

११ मे
लायलॅकची झुडपं फुलली, म्हणजे स्ट्रायपर मासे आले. केप कॉडच्या किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही कळतं. यंदा मी किनाऱ्यावर उभा राहून फ्लायवर, म्हणजे पिसांच्या खोट्या आमिषावर, मोठा पट्टेदार स्ट्रायपर पकडणार. पिसं आणि चमकी गुंडाळून पहिली फ्लाय आज स्वतः बांधली. लिओनोर म्हणाली, एव्हरेट, हा गळ आहे की तुझ्या आत्याची हॅट? बायकोला यातलं कळत नाही.
संकल्प: रोज पहाटे उठणे. सासऱ्यांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करणे.

१५ मे
दुर्लक्ष जमलं नाही. सासऱ्यांच्या बेकरीत पाव आणायला गेलो होतो. गस फुर्टाडो त्यांचं नाव. अर्धा जन्म भट्टीपुढे गेला, अर्धा किनाऱ्यावर शिंपल्यांचं आमिष लावून मासे ओढण्यात. आता गुडघे गेले, म्हणून किनारा सुटला. जीभ मात्र शाबूत आहे. भर गिऱ्हाइकांत मला म्हणाले, काय मास्तर, समुद्राला पिसांनी गुदगुल्या करून झाल्या का? सगळे हसले. मीही हसलो. नाइलाज.
कास्ट, म्हणजे दोर फेकणं, शेवटी कोन आणि वेळ. मी शाळेत भूमिती शिकवतो. पण सांगणार कोणाला? आमच्या लग्नात या माणसाने माझ्याशी हात मिळवला नव्हता. हाताला पीठ लागलंय म्हणाले. चर्चमध्ये!

१९ मे, पहाट
पहिला प्रयत्न. फ्लाय कानात अडकली. स्वतःच्याच. वारा चुकीच्या बाजूने होता.
लिओनोरने पक्कड आणून काढली. हसली नाही. खोलीबाहेर जाऊन आली फक्त.

२४ मे
आज जरा गडबड झाली. किनाऱ्यावर पोचलो आणि पाहतो तर रॉडला रील नाही. साफ करून स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवलं होतं, तिथेच राहिलं. रील नाही म्हणजे दोर नाही, दोर नाही म्हणजे काहीच नाही. पण आलोच होतो, म्हणून नुसता रॉड हलवून सराव केला. तेवढ्यात समोर पाण्यात एक प्रचंड स्ट्रायपर उलटला. पट्टे दिसले. रील असतं तर पकडलाच असता. म्हणजे तत्त्वतः पकडलाच.
परत येताना बेकरीत शिरलो. सासरे म्हणाले, काय मास्तर, आज कोणता कान? तोंडातून निघून गेलं, छत्तीस इंच होता. ते म्हणाले, दाखवा. मी म्हणालो, सोडून दिला. नियमच आहे, एवढा मोठा मासा ठेवता येत नाही. बेकरीत सगळे गप्प. अशी सुंदर शांतता मी वर्गातही कधी अनुभवली नाही.
सासऱ्यांनी तिथूनच लिओनोरला फोन लावला. संध्याकाळी गुडघे धरत आमच्या पायऱ्या चढून आले, गोड पाव घेऊन. माझ्याशी हात मिळवला.
रात्री पाहिलं तर रील कपाटात जागच्या जागी. खिडकीत ठेवल्याचं पक्कं आठवत होतं. वय होतंय.

२ जून
मासा खोटा नाही. तो होता. मी फक्त शेवटचा भाग जरा पुढे नेला. लवकरच खराच पकडीन, मग सगळं बरोबर होईल.

२१ जून
पकडला नाही. छातीपर्यंतची रबरी विजार घालून कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो, लांब, अगदी लांब फेकतो. मोठे मासे खोल पाण्यात असणार, हे उघड आहे. विजारीत पाणी शिरलं. विजार सदोष आहे.
बेकरीत मासा अडतीस इंचांचा झाला. मी केला नाही. सासऱ्यांनी केला. मी फक्त दुरुस्ती केली नाही.

१३ जुलै
सासरे मला आता मास्तर म्हणत नाहीत. पोरा म्हणतात. गल्ल्याशेजारचं स्टूल माझ्यासाठी मोकळं ठेवतात. आज एका बोटवाल्याला म्हणाले, हा माझा जावई, पिसांवर चाळीस इंची काढला याने, आणि सोडून दिला, मनाचा मोठेपणा बघ! बोटवाल्याने टोपी काढली. मला पावाचा घास गिळवेना. लोणी जास्त होतं बहुधा.

१८ ऑगस्ट
बेकरीतून घरी येताना लिओनोर म्हणाली, बाबा किती वर्षांनी एवढं बोलतात रे, आई गेल्यापासून नाही बोलले. मी म्हणालो, हं.
संकल्प: खरं सांगून टाकणे. योग्य वेळ पाहून.

२२ सप्टेंबर
योग्य वेळ आली नाही. उलट सासरे म्हणाले, पोरा, मासे दक्षिणेला निघायच्या आत मला एकदा किनाऱ्यावर ने. तुला मासा काढताना बघायचंय, मग गुडघे खुशाल जाऊ देत. मी म्हणालो, वारा पाहू. महिनाभर वाईट वारा सुटावा अशी इच्छा आहे.

६ ऑक्टोबर
वारा पडला. पाणी तव्यासारखं सपाट. जावं लागलं.
सासऱ्यांना घडीच्या खुर्चीत कोरड्या वाळूवर बसवलं, मांड्यांवर घोंगडी. लिओनोरच्या हाती जास्तीचा रॉड दिला, वाळूत पडून खराब व्हायला नको म्हणून. मी पाण्यात शिरलो, कमरेपर्यंत. फेकलं. पुन्हा फेकलं. मागून सासरे ओरडत होते, शाब्बास पोरा, अजून लांब! देवाशप्पथ, इतकं चांगलं मी कधीच फेकलं नव्हतं. काही लागलं नाही.
मग मागे लिओनोर किंचाळली. ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. रॉड धरून कंटाळली, म्हणून फ्लाय पायापुढच्या चरात सोडली होती. मासे तिथे होते. कडेला. म्हणजे सगळा उन्हाळा मी त्यांना ओलांडून पलीकडे जात होतो आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहत होतो.
रील कर्कश ओरडत होतं. सासरे खुर्चीतून उभे राहिले, स्वतःहून. दोर सोड गं बाय, सोड, आता ओढ! तिचे केस तोंडावर आले होते, आणि ती हसत होती. इतकी हसताना मी तिला खूप दिवसांत पाहिलं नव्हतं. मासा कडेला आला. मी ओल्या हातांनी धरला, तिने मोजायची फीत लावली. बेचाळीस. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.
सासऱ्यांनी वरून विचारलं, किती?
लिओनोरने माझ्याकडे पाहिलं. मग ओरडून सांगितलं, एकोणचाळीस, बाबा.
आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेच वाटलं.
तिने मासा पाण्यात धरून ठेवला, शेपटी हलेपर्यंत, आणि सोडला. सासरे म्हणाले, वा गं पोरी, नवऱ्यापेक्षा एकच इंच कमी!

त्याच दिवशी, संध्याकाळ
भांडी विसळताना मी विचारलं, एकोणचाळीस का सांगितलंस? ती म्हणाली, त्या दिवशी बाबांचा फोन आला ना, तुझ्या माशाचा, तेव्हा मी इथेच उभी होते. समोर खिडकीत तुझं रील. बाबा घरी येणार म्हणाले, म्हणून मी ते उचलून कपाटात ठेवलं. मी म्हणालो, म्हणजे सगळा उन्हाळा तुला माहीत होतं? ती म्हणाली, बाबा तुला पोरा म्हणायला लागले होते. मी वीस वर्षं वाट पाहिली होती त्याची.
 तोंड कुठे लपवू असं झालं. मी तीच बशी पुन्हा पुन्हा पुसत राहिलो.
संकल्प: उद्या सासऱ्यांना सगळं सांगणे. आधी तिचा मासा बेचाळीसचा होता, हे.

७ ऑक्टोबर
दोघं बेकरीत गेलो. मी वाटेत वाक्य पाठ केलं होतं. दुकानात गर्दी होती. सासऱ्यांनी मला स्टुलावर बसवलं, खांद्यावर हात ठेवला, हाताला पीठ लागलेलं. सगळ्यांना म्हणाले, माझ्या लेकीने काल एकोणचाळीस काढला! आणि याचा केवढा होता, पोरा, सांग यांना.
मी तोंड उघडलं.
लिओनोर गल्ल्यामागे पाव बांधत होती. मान वर न करता म्हणाली, चाळीस, बाबा.
मी मान डोलावली.