टँकरची यादी, घर क्र. ४१

१८ एप्रिल १९८३, सोमवार. पहाटे ५.२०

टँकरच्या रांगेत उभ्याने लिहितोय, वही हंड्यावर टेकवून. पुढे सतरा जणी. धाकट्या बहिणीला, सुमीला, झोपू दिलं; काल ती रिकाम्या हंड्यांनी परत आली.

किराणावाले चौकसेजी, गल्लीच्या समितीचे अध्यक्ष, रांगेतून फिरत माझ्यापाशी थांबले. "मधु भिया, तुम्हारे अक्षर साफ हैं. घर-घर की लिस्ट बना दो. नगरपालिका बिल्ले देगी. जिसका बिल्ला, उसका पानी." नाल्याकडच्या झोपड्यांत सीमेपलीकडून चोरून आलेले राहतात, तेच पाणी नेतात, असं बोलणं आहे. पेपरात आसामातलं घुसखोरांविरुद्धचं आंदोलन, गल्लीत टँकर.

हो म्हटलं. आठवी नापासाला लिहायचं काम कोण देतं?

मिळाले हंडे २.

२० एप्रिल, बुध.

नवं रजिस्टर. पानांवर आकडे घातले, १ ते ४८, कुणी पान फाडलं तर कळावं. पहिल्या पानावर चौकसेजींची सही. "तुम तो पटवारी निकले!"

रकाने : घर क्र., नाव, माणसं, कधीपासून, शेरा.

हंडे ३.

२३ एप्रिल, शनि. कंपनीतून आल्यावर

चाळीस घरं झाली. "कब से?" विचारलं की लोक म्हणतात, "दस साल", "अरे, बीस लिख दे." लिहिलं. कागद कुणाचा पाहिला नाही. आमचं घर क्र. ७, १९७४ पासून.

शेवटचं क्र. ४१, नाल्याकडे. निमाई, स्टोव्ह दुरुस्त करतो. बायको माला, दोन मुली. तोही म्हणाला, दहा साल. त्याला मात्र विचारलं, कोणता महिना? कुठून? आधी कुठे? का विचारलं, ठाऊक नाही. त्यानं स्टोव्ह खाली ठेवला. "बाबू, आप ठीक से लिखते हो, तो ठीक बोलता हूँ. दो साल. बॉर्डर के उस पार से. कागज नहीं है. घर नदी ले गई, बाकी लोगों ने ले लिया."

मी लिहिलं. शेऱ्यात: सीमेपलीकडून, विनापरवाना, १९८१. चाळीस घरांचा शेरा कोरा आणि एकाच घरापुढे एवढं. शाईनं.

पान १४.

२६ एप्रिल, मंगळ.

आईला ताप. टँकरवर भांडण झालं, सुमीच्या हंड्याला पोचा आला, पाणी नाही. मी कंपनीत. परतलो तर दारात भरलेला हंडा. मालानं आणून ठेवला म्हणे. सुमी नको म्हणाली तर, "बुखार में पानी चाहिए. बाद में दे देना."

आईला रजिस्टरचं सांगितलं. पडल्या पडल्या म्हणाली, "आपण जळगावाहून आलो ते पहिलं दीड वर्ष साखर कुणाच्या कार्डावर आणली रे?"

गल्लीतल्या दिघे गुरुजींच्या. आपलं इथलं कार्ड १९७६चं.

"पण आपण देशातलेच ना," मी म्हटलं. आईनं पाणी मागितलं. मला ते खोटं वाटत नाही. तरी...

१ मे, रवि.

मारुतीच्या ओट्यावर बैठक. गुरुजी म्हणाले, "तहान लागलेल्याला कागद कसला मागता?" चौकसेजी चिडले नाहीत. "गुरुजी, आपके यहाँ कुआँ है. टँकर एक है. आज एक को दूँ, कल दस और आएँगे, तो यहाँ वालों से क्या कहूँ?" मागून एक बाई ओरडली, "चार बजे से लाइन में मैं खड़ी रहती हूँ, गुरुजी नहीं!" सगळे हसले. मीही. तिचं चूक नाही.

कुणीतरी मला टोमणा मारला, "पहले इन महाराष्ट्रवालों से पूछो, कारखाने में सारी भर्ती इन्हीं की!" पुन्हा हशा. या वेळी मी नाही हसलो.

ठरलं ते असं. कागद नाही त्याला बिल्ला नाही. पक्की यादी मंगळवारी नगरपालिकेत. बॉर्डरवाला निघाला तर नाव ठाण्यातही. कच्चं रजिस्टर समितीकडे राहणार.

"क्यों मधु, अपनी लिस्ट में है कोई ऐसा?"

"उतरवून... उतारकर देता हूँ, मंगल को."

निमाई शेवटी बसला होता, मांडीवर धाकटी. माझ्याकडे पाहत होता. नजरेत विनंती नव्हती. मी नीट लिहितो, एवढाच भरवसा.

३ मे, मंगळ. पहाटे ५.३५

पुन्हा रांगेत. पक्की यादी काल संध्याकाळी केली. चाळीस घरं जशीच्या तशी. फक्त क्र. ७ समोर खाडाखोड न करता कंसात लिहिलं: कार्ड १९७६. कुणी विचारलं नव्हतं.

क्र. ४१. नाव लिहिलं. माणसं ४. कधीपासून, कोरं. शेरा, कोरा. दहा साल लिहिलं तर रजिस्टरचं पान १४ आहे. पान १४ फाडलं तर आकडा तुटतो, पहिल्या पानावर सही आहे. ही व्यवस्था माझीच.

टँकर आला. निमाईची थोरली रांगेत माझ्यामागे, बादली घेऊन. चौकसेजी पलीकडून हात हलवतायत, "मधु भिया, रजिस्टर लाए?"

पिशवीत आहे. पेनही.

आज मिळाले : हंडे ३
घरी लागतात : ३
देणं : क्र. ४१, एक हंडा. सात दिवस झाले.