पाण्याची हजेरी

११ ऑक्टोबर

पोचले एकदाची! धक्का वादळात वाहून गेलाय, त्यामुळे डोक्यावर ट्रंक घेऊन कमरेभर पाण्यातून पेती रोझ बेटावर उतरले. किनाऱ्यावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. सिल्व्हेनस नावाच्या म्हाताऱ्यानं विचारलं की सरकारनं पाणी पाठवायचं कबूल केलं होतं, मग ही बाई कशी आली? मी म्हटलं, पाणी तुमच्याकडेच आहे, ते मोजून द्यायला मला धाडलंय. हशा पिकला. सुरुवात तर बरी झाली.

युफ्रीन टँटीनं मला लगेच ओळखलं. सगळं बेट तिला टँटी, म्हणजे मावशी म्हणतं. माझी आजी इथलीच. कपाळ अगदी तिचं घेतलंयस व्हर्लिन, पण ही जीभ कुठून आणलीस, असं म्हणाली आणि भाजलेला नीरफणस पुढ्यात ठेवला. उन्मळून पडलेल्या झाडांचे शेवटचे फणस आहेत म्हणे, पुढची दहा वर्षं मिळायचे नाहीत.

बेट मात्र पार उघडंबोडकं झालंय. एकाही झाडावर पान नाही, तिवरं तपकिरी पडलीत, घरांचे पत्रे फांद्यांत लटकताहेत. समुद्र घराघरांतून गेला, त्यामुळे प्रत्येक घराखालची पावसाच्या पाण्याची टाकी खारट झाली. शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत. गोडं पाणी उरलंय ते टेकडीवरच्या शाळेच्या टाकीत. काठी टाकून पाहिली, चाळीस इंच. यादीत शेहेचाळीस नावं, शेवटचं माझं. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे रोज सव्वा इंच. बोट पंचवीस तारखेला यायची आहे. भागून उरेल.

१२ ऑक्टोबर

भर दुपारी बाराला शाळेच्या अंगणात पहिलं वाटप. मी नाव पुकारायचं, माणसानं हजर म्हणून बादली पुढे करायची. आमच्या खात्याचा हा नियम मला आवडतो. मागे एका छावणीत दांडगट लोक दोनदा पाणी घेऊन गेले होते. इथे तसं कुणी केलं नाही. जे आले नाहीत त्यांचं घरच्यांनी नेलं. कुणी छप्पर शाकारत होतं, कुणाचा पाय सुजला होता. केनरिकचं पाणी त्याच्या बायकोनं, लॉर्नेटनं नेलं. तिचे दिवस भरत आलेत. दोन बादल्या घेऊन ती टेकडी उतरली ते पाहवलं नाही. नवरा कुठे आहे म्हटलं, तर मासेमारीला गेलाय म्हणाली. सिल्व्हेनस उसासा टाकून म्हणाला, जन्मभर पाण्यात रम घातली, आता रममध्ये घालायला पाणी नाही.

टँटीला माझी हजेरी खटकली. हातात पाणी घेऊन अशी मोठ्यानं नावं घेऊ नकोस, घरटी वाट, असं म्हणाली. कारण काही सांगेना. मी म्हटलं, टँटी, नियम तो नियम. ती तोंड फिरवून निघून गेली.

१५ ऑक्टोबर

काठी खोटं बोलत नाही. तीन वाटपांत पावणेचार इंच उतरायला हवं होतं, सात उतरलंय. झाकणाला साखळी आणि कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. भिंतीला तडा नाही, बाहेर ओल नाही. सिल्व्हेनस चारचौघांत म्हणाला की कुंपणानंच शेत खाल्लं, पाणीबाईच पिऊन टाकते. सगळे हसले, मला हसू आलं नाही. चव घेऊन पाहिली. किंचित खारट लागली. की माझी जीभच उगाच शंका घेतेय, कळत नाही.

१७ ऑक्टोबर

शाळेच्या वर्गात, निळ्या ताडपत्रीखाली, लॉर्नेट बाळंत झाली. मुलगी. एवढीशी, पण मूठ घट्ट. नाव बारशाशिवाय ठेवायचं नाही अशी इथली रीत, आणि पाद्री बोटीबरोबर येणार. तोवर नाव आईच्या मनात. लॉर्नेटनं ठरवलंय, पण विचारलं की ओठ मिटून नुसती हसते.

बाळाला हातात घेतल्यावर टँटीला रडू फुटलं आणि सगळं बाहेर पडलं. केनरिक मासेमारीला गेलेला नाही. वादळातच गेला, देह मिळाला नाही. यादीतली आठ माणसं तशीच गेलीत. यादी वादळाआधीची. कुणी नाव कापायला सांगितलं नाही, कारण नाव गेलं की गॅलन गेला.

मी भडकले. टँटी म्हणाली, ओरड हवी तेवढी, पण पुढचंही ऐक. इथे गेलेल्यांसाठी ताट मांडतात तेव्हा दार उघडून, हातात पाणी धरून, मोठं माणूस त्यांना नाव घेऊन हाक मारतं. तेच त्यांचं आवतण. एरवी पाणी हातात असताना गेलेल्याचं नाव कुणी काढत नाही. आणि मी रोज टेकडीवरून आठ जणांना आवतण देत होते.

मग तुम्ही सगळे गप्प का बसलात, असं विचारलं. ती म्हणाली, तहान लागली की भीती मागे पडते, पोरी.

यादी घेऊन बसले. सात नावं कापली. केनरिकचं राहू दिलं. ओल्या बाळंतिणीला एका गॅलनवर कशी ठेवू? वरचा गॅलन द्यायची सोय नियमात नाही, आणि एकीला दिला तर बाकीचे मला फाडून खातील. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बाळ जगलं पाहिजे, एवढं मला कळतं.

१८ ऑक्टोबर

केनरिक म्हणून पुकारलं. टँटी लॉर्नेटच्या वतीनं बादली घेऊन उभी होती. तिनं तोंड उघडायच्या आत रांगेच्या टोकाकडून आवाज आला, हजर.

लख्ख ऊन होतं. नखशिखांत भिजलेला माणूस पुढे आला. बादली नव्हती, त्यानं ओंजळ धरली. सगळ्यांच्या माना खाली. टँटी पुटपुटली की बघू नकोस, ओत. मी ओतलं. एक थेंब सांडला नाही. गॅलन संपला तरी ओंजळ रिकामीच. तो गेला तिथे जमिनीवर मीठ उरलं होतं.

 

१९ ऑक्टोबर

आज हजेरी घेतली नाही, घरटी वाटलं. तरी आले. आठही जण. कापलेलेसुद्धा.

टँटी म्हणाली की ज्यानं बोलावलं त्यानंच निरोप द्यायचा असतो, पोटभर प्या आणि जा म्हणायचं असतं. मी झाकण उघडून तसं म्हटलं. ते टाकीवर ओणवे झाले. खाऱ्या पाण्यात बुडालेल्यांचं पोट कशानं भरायचं? काठी टाकली, नऊ इंच. ते गेले नाहीत. अंगणाच्या कडेला ओळीनं बसून राहिले.

खात्याला रेडिओवर ओरडून ओरडून सांगितलं की पाणी संपतंय. तिकडून उत्तर आलं, समुद्र खवळलाय, बोट अठ्ठावीसला येईल. तोवर यादीप्रमाणे नावं घेऊन वाटा.

२२ ऑक्टोबर

अंगणातून उठून ते समुद्रात उतरलेत, आता तेच पुकारतात. बारा वाजले की खालून, पाण्यातून. माझ्याच सुरात, माझ्याच क्रमानं. यादी पाठ झालीय त्यांची.

पहिलं नाव सिल्व्हेनसचं. जेवायला बोलावल्यासारखा आलो आलो म्हणत उठला, बादली घेतली. मी दंड धरला. सोड गं, खाली गोडं पाणी आहे, म्हणाला. चालत चालत आत गेला. डोकं दिसेनासं झालं. बादली तेवढी परत आली.

त्याच्यामागून आणखी पाच.

२४ ऑक्टोबर

टँटी गेली. जाताना माझ्या कपाळावर हात ठेवला. कुणी ढकलत नाही त्यांना, कुणी ओढत नाही. हसत जातात— मी नावं घेतली म्हणून.

काठी चार इंच. खारट.

२५ ऑक्टोबर

कानांत चिंध्या कोंबल्या. तरी ऐकू येतं. लॉर्नेटला बाकाला बांधलंय, तिनंच सांगितलं. बाळाचं काही होणार नाही, असं सारखं म्हणते. त्याला नाव नाही, यादीत नाही, मग कोण कशी हाक मारणार? नाव मी मनातसुद्धा आणत नाही, म्हणते. बोट येईपर्यंत सांभाळ, पाणी आधी तिला दे, अशी शपथ घातली मला.

तीन दिवस. फक्त तीन.

२६ ऑक्टोबर

लॉर्नेट गेली. पत्र्याच्या कडेवर दोर घासून कापला. केनरिक हाक मारत होता. मी पाय धरले तिचे— बाळाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही—

घरांतून धूर नाही. कोणीच नाही आता. मी आणि ती चिमुरडी.

२७ ऑक्टोबर, सकाळ

एकच नाव उरलंय. माझं.

टाकीची साखळी कमरेला आणि खांबाला. कुलूप घातलं. किल्ली खिडकीबाहेर फेकली. बाळ चटईवर, हाताशी. वाटीभर पाणी आहे, चमच्यानं देते. उद्या बोटीवाले साखळी तोडतील.

दुपार

पुकारलं. टँटीच्या आवाजात. व्हर्लिन, ये गं पोरी— मी गेले असते. आनंदानं गेले असते. साखळीनं कंबर सोलली, पण सुटली नाही.

थांबलं. यादी संपली! बाळ झोपलंय. उद्या. उद्या—

खाली अजून कुणीतरी आहे.

लॉर्नेट. नाव घेतेय. यादीतलं नाही. छोटंसं, गोड. मी कधी ऐकलेलं नाही—

बाळानं डोळे उघडले. हसतेय.

नको. लॉर्नेट, नको, तुझीच—

चटई सरकली. दाराकडे. माझा हात पुरत नाही. साखळी— वीतभर कमी पडते, फक्त वीतभर— पाय लांब केला तर कदा—