झोळीखालचं घोंगडं

मंगळवार, दिवेलागण. श्रीपूर

पहाटे फडावर निघताना बाळाला बैलगाडीखाली टांगलेल्या झोळीतून उचललं, तर त्याची पाठ गारठलेली. पोट मात्र गरम. वर तीन सोलापुरी चादरी होत्या, मग गार पडलाच कसा? दिवसभर ऊस तोडताना तीच पाठ हाताला लागत होती. खाली निजवावं तर जमिनीला ओल, त्यात विंचू.

दुपारी मेंढरं घेऊन आलेल्या धनगराच्या म्हातारीनं झोळी चाचपली. म्हणाली, "वरनं कितीबी घाल की, वारं खालनं लागतंय. आत हातरलं तर अंगाखाली दबतंय, मग ऊब धरत न्हाई. घोंगडं भाईरनं बांद, सैल."

घोंगडं एकच, सासऱ्यांचं. त्यांच्याकडं मागू कशी? पण त्यांनी ऐकलं होतं. खांद्यावरचं काढून स्वतःच झोळीखाली बांधलं. "मला शेकोटी हाय," म्हणाले. शेकोटीला नुसतं पाचट आहे, भुर्रकन जळून जातं. तरी मी घोंगडं तसंच राहू दिलं. आई झाल्यावर माणूस इतकं निर्लज्ज होतं का?

आता बैलगाडीखाली झोळीजवळ बसून लिहितेय. डावा हात झोळी आणि घोंगड्याच्या मधे, बाळाच्या पाठीखाली धरलाय. ऊब लागतेय. त्याच्या पाठीची का माझ्याच हाताची, कळत नाही. हात काढून बघायचा धीर होत नाही.