शाईतल्या पेशी

बाबा, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले ते तुम्ही पाहिलं नाहीत. कॉलेजच्या जीवशास्त्र विभागात तुमची सगळी नोकरी लॅब अटेंडंट म्हणून गेली, त्यामुळे गेल्या महिन्यात आमच्याकडे जे घडलं ते तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला बिबवेवाडीहून सायकलवर कॉलेजात न्यायचात. त्यातला एक दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: मी आठवीत आहे. तुम्ही कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर पसरून देता आणि मी उजेड पूर्ण सोडते. काहीच दिसत नाही. "उजेड वाढवला म्हणून दिसत नसतं," असं म्हणून तुम्ही काचपट्टीखालची उजेडाची झडप अर्धी मिटता आणि पेशींच्या भिंती विटांसारख्या वर येतात. मला लगेच सगळ्यात मोठं भिंग हवं. डोळा न काढता मी चाक फिरवते आणि वरची काच तडकते. "आत बघत भिंग खाली आणायचं नाही, बाजूनं बघायचं! आणि मोठं करायची एवढी घाई कशाला? दोन ठिपके दोन दिसले पाहिजेत. नुसता मोठा डाग बघून काय करणार?" मग तेलाच्या थेंबात टेकवायचं ते मोठं भिंग तुम्ही मला तीनदा पुसायला लावलंत.

आता आमच्याकडे फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आहे, त्यात क्षयाचे जंतू काळोखात पिवळे चमकतात. तुम्ही फक्त तक्त्यावर पाहिलेला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मी एकदा जवळून पाहिला. तो विषाणूसुद्धा दाखवतो, पण त्यात जिवंत काही ठेवता येत नाही. माझं काम मात्र अजून साध्याच मायक्रोस्कोपवर चालतं.

धायरीचा एक रिक्षावाला, तिशीतला. कित्येक दिवस डोकेदुखी आणि ताप. त्याच्या पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला आलं. पेशी बऱ्याच होत्या आणि आमच्या लॅबचे डॉक्टर मेंदूच्या आवरणाचा क्षय धरून चालले होते. मोजताना मी झडप मिटत नेली, तर एका गोल पेशीला बारीकसा कोंब चिकटलेला. आपल्या पांढऱ्या पेशींना कोंब फुटत नाहीत, बुरशीला फुटतात. खात्रीसाठी काळी शाई हवी होती आणि आमची बाटली सुकून गेलेली.

"पेशी मोजून झाल्या ना? मग निदानाचं काम आमच्यासाठी ठेवा," डॉक्टर म्हणाले.

"मोजल्यात सर. पण त्या सगळ्याच पेशंटच्या नाहीत. शाई आणते, तोवर आपण रिपोर्टवर सही करू नका." मी जागची हलले नाही. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

जेवणाच्या सुट्टीत स्कूटरवरून शनिवार पेठेत चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात गेले. "चित्र कसलं काढताय?" दुकानदारानं विचारलं. "काय उमटतं ते बघायचंय," म्हटलं. परत येऊन आधी नुसती शाई तपासली, तीत काही नव्हतं. मग नमुन्याचा थेंब मिसळला. काळ्याभोर पटलावर स्वच्छ गोल कडी, आणि प्रत्येक कड्यात एक पेशी. शाईला जिथे शिरता येत नाही ते त्या बुरशीचं कवच. डॉक्टर बराच वेळ वाकून बघत राहिले, मग त्यांनी वॉर्डला फोन लावला. त्याच संध्याकाळी बुरशीवरचं औषध सुरू झालं.

परवा तो बायकोबरोबर चालत लॅबच्या दारात आला. "म्याडम, डोकं थांबलं बघा. आता बरं हाय."

"ही नजर कुठली?" शाईत कडी दिसली त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं. "कॉलेजातली," मी म्हणाले. ते उत्तर मला रात्री झोपू देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं, "सर, हे मला वडिलांनी शिकवलं. ते लॅब अटेंडंट होते." आता लॅबमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी झडप मिटायला शिकवणार आहे, आणि कुणी शिकवलं तेही सांगणार आहे.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. मी तुमच्याच कॉलेजात शिकत होते, तेव्हा पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला माझा ट्रे तुम्हीच आणलात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हसत विचारलं, "तुमच्या ओळखीचे दिसतात?" सगळ्या वर्गासारखंच मीही म्हणाले, "हो, लॅबमधले मामा." तुम्ही ट्रे ठेवलात आणि पुढच्या टेबलाकडे गेलात. घरी तुम्ही विषय काढला नाहीत आणि मीही काढला नाही. मला तेव्हा तुमची लाज वाटली होती, बाबा.