मल्लप्पाचे सोललेले हात

गुलबर्गा, १९५३

थोरल्या सिद्धव्वा अक्काला मल्लप्पाचा शरणार्थी नमस्कार.

मी बरा हाय. गिरणीत सूत धुवायच्या कास्टिकच्या पाण्यानं हात सोललेत, अजून खाजायलेत. दवाखान्यात मलम दिलं. डाक्टर म्हणाला, "ह्यो महारोग न्हाई. पण त्या पाण्यात परत हात घालू नको."

मुकादमाला तसं सांगितलं, तर त्यानं माझे दोन्ही हात धरून त्याच पाण्याच्या हौदात दाबले. "आता दाखीव जा डाक्टरला," म्हणाला. बाकीचे बी हसले.

तुझ्या लेकीच्या, शिवम्माच्या लग्नाला येऊ नको, पाव्हणे महारोगी म्हणतील, असं तू कळवलंस. येत न्हाई. जावई कसा हाय? आपल्या अप्पाचा खोकला थांबला का?

मी सांगतोय तसं पत्र शेजारचा श्रीमंत नावाचा गडी लिहितोय. सही मी करतो म्हणालो, तर त्यानं कागद माझ्या हातात दिला न्हाई.

तुझा भाऊ,
मल्लप्पा