निवडक नको, सगळे फोटो दाखवा

रविवार, ९ तारीख, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील, हवा मानवत असेल आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरांशी तुझं भांडण अजून मिटलं नसेल, असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. हे ठीक, लेक ठीक, माझं शिवणाचं दुकान जोरात. लग्नघर असल्यामुळे घरात एक वस्तू जागेवर सापडत नाही, एवढंच.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. शेवटचा उचललास तेव्हा "मला लग्नाला यायला जमायचं नाही, गुडघा" एवढं बोलून ठेवून दिलास. गुडघ्याचं मला सांगू नकोस, ताई. त्याच गुडघ्यावर जिने चढून तू मास्तरांच्या दारात भांडून आलीस, हे मला खुद्द मास्तरीणबाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या ताईंची तब्येत चांगली दिसते.

तू का रुसलीस ते मला ठाऊक आहे. लेक तुला म्हणाली, "मावशी, माझ्या लग्नाचे फोटो तू काढायचे नाहीस." बोलायची तऱ्हा चुकली तिची. जन्म स्टुडिओत काढलेली, अर्ध्या गावाची लग्नं टिपलेली बाई तू, आणि सख्खी भाची असं तोंडावर बोलते म्हटल्यावर कुणालाही झोंबेल. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी मला तुझा सल्ला हवाय, कारण फोटोग्राफर निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुला डावलून दुसरा शोधायचा आणि वर तुलाच विचारायचं, म्हणजे जखमेवर मीठ, हे कळतं मला. पण विचारू कुणाला?

तू एकदा म्हणाली होतीस, निवडक फोटो दाखवून कुणीही उस्ताद होतो. एकाच लग्नाचे सगळे फोटो मागायचे, पाहुणे यायच्या आधीपासून ते खुर्च्या उचलेपर्यंत. मी तेच धरून बसले. आमच्या धंद्यातही तसंच आहे म्हणा. कुणी दुसरीकडे शिवलेला कपडा दाखवायला आणला की मी तो आधी उलटा करते.

पहिला आला तो डोक्यावर गॉगल चढवून. घरात. त्याने मावळतीच्या उन्हातलं जोडपं दाखवलं, अंगठ्या दाखवल्या आणि मग नवरीच्या सँडलचे इतके फोटो दाखवले की मला वाटलं लग्न त्यांचंच होतं. उडत्या कॅमेऱ्याने वरून काढलेला हॉल बघून तर आमचे हे पार पाघळले. मी म्हटलं, वरून सगळ्यांची टकलं दिसतात, तुमचंही दिसेल. तेव्हा जरा जमिनीवर आले. मी एका लग्नाचे सगळे फोटो मागितले. बरीच टाळाटाळ करून त्याने पाठवले. बाहेरच्या उन्हात सगळं झकास होतं आणि हॉलमध्ये शिरल्यावर एकजात सगळे कावीळ झाल्यासारखे पिवळे. नवरीच्या आईला तर मी शोधून दमले. शेवटी एका फोटोत तिची पाठ सापडली. म्हटलं, पोरगी वाढवायची आणि शेवटी वाट्याला पाठ, हे काही मला परवडायचं नाही.

दुसऱ्याचा मोठा काचेचा स्टुडिओ. आम्ही तिघं गेलो. उजेड वगैरे बरोबर होता त्याचा, पण त्याने म्हाताऱ्या माणसांच्या सुरकुत्या पुसून टाकल्या होत्या. एक आजोबा तर सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखे दिसत होते. मी विचारलं, हे असं का? तो मोठ्या अभिमानाने सांगायला लागला की तो सगळ्यांचे दोष काढून टाकतो, आणि घरात कुणाच्या चेहऱ्यात काही असलं तर आधीच कानावर घाला, म्हणजे त्यांना मागच्या रांगेत घेता येतं. मी चहा अर्धा टाकून उठले. बाहेर आल्यावर हे म्हणाले, अगं, चांगला होता की माणूस, काय बिघडलं? लेकीने बसमध्ये माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

तिसरा उंच. इतका की आमच्या दारातून वाकून आत आला. उशिरा आला, वर कॅमेऱ्याची बॅटरी विसरून आला आणि बसल्या बसल्या स्वतःच्या मांजराच्या आजारपणाचं पुराण लावलं. मी मनात फुली मारली होती. पण एका लग्नाचे सगळे फोटो मागितल्यावर त्याने कुरकुर केली नाही. त्या घरच्यांना माझ्यादेखत फोन लावून विचारलं आणि दिले. मग दुकान बंद केल्यावर मी कुणाची कोण, त्या परक्या माणसांचं अख्खं लग्न बघत बसले.

त्यात एक काका होते. सुरुवातीपासून बघावं तर त्यांचा एक हात खिशात. पाहुण्यांशी बोलताना खिशात, जेवताना टेबलाखाली. मला वाटलं, काय माणूस आहे, पुतणीच्या लग्नात जरा मोकळं उभं राहू नये? मग शेवटी शेवटी नवरीला रडू फुटलं, आणि काकांनी तोच हात काढून तिच्या डोक्यावर ठेवला. भाजून आकसलेला हात होता तो, ताई. भर उजेडात. आणि त्या हाताखाली पोरीचा चेहरा असा निवला होता की मी दुकानात एकटी बसून रडले.

त्या उंच माणसाला मी दुसऱ्या दिवशी बोलावून विचारलं, हा फोटो काकांना चालला? तो म्हणाला, "मी आधी काकांनाच दाखवला. नको म्हणाले असते तर कुणाला दिला नसता. ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, मोठा करून दे."

आता जे लिहायचं टाळण्यात इतकी पानं खर्च केली, ते लिहिते.

तुझ्या त्या आजारपणात चेहऱ्याची डावी बाजू उतरली ती उतरलीच. आपल्या घरात हे कुणी कधी बोललं नाही. आईने बाहेरच्या खोलीतला आरसा काढून ठेवला तेव्हासुद्धा ती म्हणाली, भिंतीला ओल आलीये. आणि तेव्हापासून कुठेही चार माणसं एकत्र आली की तू म्हणायचीस, व्हा उभे, मी काढते. आम्ही उभे राहायचो. फोटो सुरेख यायचे, सगळे खूश, कुणाला काही बोलावं लागायचं नाही.

गेल्या महिन्यात लेकीने हॉलच्या दाराशी लावायला तिचे लहानपणापासूनचे फोटो पेटीतून बाहेर काढले. मी दुकानात असायचे, ती शाळेतून तुझ्याकडे यायची. जेवली तुझ्या हातचं, सायकल शिकली तुझ्या भरवशावर, दात पडला तो तुझ्या अंगणात. सगळ्या फोटोंत ती कुणाकडे तरी बघून खुदुखुदु हसतेय. फरशीभर फोटो पसरून बसली होती ती. मी आत आले तर मान वर करून म्हणाली, "आई, ह्यात मावशी कुठेय?"

एकही नाही गं. आम्ही सगळी पेटी उपसली.

म्हणून ती तुला नको म्हणाली. तुझे फोटो तिला जुने वाटतात असं तुझ्या डोक्यात बसलंय, ते काढून टाक. तू एकदा कॅमेऱ्यामागे गेलीस की दिवसभर तिथून बाहेर येत नाहीस, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण ते सांगायचं तर आपण कधीच न बोललेलं बोलावं लागलं असतं. तिची जीभ रेटेना, आणि बाहेर पडलं ते नुसतं "तू काढायचे नाहीस". तेव्हापासून पोरगी मला विचारते, मावशीचा फोन आला का.

त्या उंच माणसाचे काही फोटो सोबत पाठवतेय. काकांचाही आहे, त्यांना विचारूनच. बघ आणि माणूस कसा वाटतो ते सांग. शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण लिही.

तू आली नाहीस तरी लग्न व्हायचं थांबणार नाही. फक्त पोरगी दिवसभर दाराकडे बघत राहील, आणि हा माणूस खरा आहे, तो ते टिपेल.

वाट बघणारी,
तुझी धाकटी

*

शुक्रवार, १४ तारीख

धाकटे,

पत्र पोचलं. मास्तरीणबाईंशी तुझं परस्पर सूत जमलेलं दिसतंय, ते नंतर बघते.

आधी कामाचं. उंच माणसाचे फोटो भिंग लावून पाहिले. खिडकीकडे पाठ करून माणसं उभी करतो, मग चेहरे काळवंडतात. तसं करू नकोस म्हणावं. मोठ्या घोळक्यात कडेच्या माणसांची कोपरं कापतो. घाई नडते त्याला. हॉलमधला उजेड मात्र छान सांभाळलाय आणि कुणाला ताटकळत उभं केलेलं दिसत नाही.

काकांचा फोटो मी काढला असता तर तो हात येऊ दिला नसता. दोन पावलं सरकून काढला असता. उभ्या जन्मात मी माणसं अशीच सांभाळली, ह्याला जरा वळव, तिच्यापुढे एखादं पोर उभं कर. त्यातच माया आहे असं मी धरून चालले होते. परवापासून तो फोटो टेबलावर उभा करून ठेवलाय. येता जाता बघते. ह्यालाच ठरवा, दुसरा शोधू नका.

दुसऱ्याकडे चहा अर्धा टाकलास. सगळाच टाकायचास.

रुसले होते हे खरं. फोन ठेवल्यावर मी काढलेले जुने फोटो समोर घेऊन बसले होते, खरंच जुनाट झालेत का ते बघायला. थोडे झालेत. पोरगी काही बोलली नसती तरी चाललं असतं, असं मी तेव्हा म्हणत होते. मग तिचं ते "मावशी कुठेय" वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून आधी तोंड धुऊन आले. आरशाचं म्हणशील तर भिंत कोरडी होती. मी हात लावून पाहिली होती.

मला भीती वाटते, धाकटे. हसले की तोंड एका बाजूला ओढलं जातं, ते मला आतून कळतं, आणि समोरचा बघतो तेही कळतं. कॅमेरा डोळ्याला लावला की यातलं काही कळत नाही, म्हणून तो हातात धरला आणि खाली ठेवायचं राहूनच गेलं. त्या माणसाला सांगून ठेव, मला "हसा" म्हणायचं नाही. मी आपणहून हसले तर मात्र त्याने थांबायचं नाही. आणि फोटो आधी मला दाखवायचा.

गुडघा उत्तम आहे. आदल्या दिवशी सकाळी येते. कॅमेरा आणत नाही. तो नसला की हातांचं काय करायचं ते मला सुचत नाही, तेव्हा एक हात पोरीने धरावा. तिच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं तेही तिनेच सांगावं. मला दोन्ही बाजू चालतील.

तिची मावशी,
आणि तुझी ताई