सासरेबुवा वाफ्यातून बाहेर येत नाहीत

प्रिय साडूभाऊ,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घातलेला हा नमस्कार साष्टांग समजून घ्यावा. इकडे सगळे ठीक. तुमचा खोकला, ताईंचं पित्त आणि तुमच्या गच्चीवरच्या त्या काळ्या लोखंडी कुंड्या, तिघांचीही प्रकृती उत्तम असावी. (पहिल्या दोघांविषयी मनापासून लिहितो आहे.)

कुंड्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमची ही तुमच्याकडून परत आली ती चपलासुद्धा न काढता म्हणाली, "भाऊजींच्या गच्चीवर काय सुरेख काळ्या कुंड्या आहेत, आणि कमरेइतका उंच वाफा! वाकावं म्हणून लागत नाही." वाफा म्हटल्यावर मला आधी कुकर आठवला. मग तिने तुमचे फोटो दाखवले. एकूण सतरा. सतराही फोटोंत तुम्ही झारी धरून, पोट आत घेऊन उभे आहात. साडूभाऊ, माणसाने आपल्या हौसेने दुसऱ्याच्या संसारात किती माती कालवावी याला काही मर्यादा?

रविवारी कुंड्यांच्या दुकानात गेलो. मी म्हटलं, काळ्या कुंड्या दाखवा. तिथल्या बाई म्हणाल्या, काळा कुठला? चकचकीत, बिनचकाकीचा की खडबडीत? आता मी पडलो चष्मेवाला. पंचवीस वर्षं लोकांना काचा घालून 'आता बरं दिसतंय की मगाशी?' विचारत आलो आहे. तेव्हा मी हिला खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि बाईंनी दिलेला नमुन्याचा एकेक पत्रा समोर धरला. हा बरा की हा? ही म्हणाली, दोन्ही सारखेच. (गिऱ्हाइकंही अगदी हेच म्हणतात, आणि मग चष्मा घेऊन गेल्यावर परत येऊन भांडतात.) मी चिकाटीने पुन्हा पहिला पत्रा धरला. एवढ्यात मागे दोन माणसं रांगेत उभी राहिली. त्यातल्या एका आजोबांनी डोळा झाकून पुढे होत विचारलं, "डॉक्टर, मोतीबिंदू तर नाही ना?" मी त्यांना नीट तपासून माझ्या दुकानाचा पत्ता दिला. तोवर हिने चार बिनचकाकीच्या कुंड्या आणि एक वाफा पसंत करून टाकला होता. तुमच्या वाफ्यापेक्षा चार बोटं उंच. तेवढं मात्र मी बघून घेतलं.

वाफा घरी आला तो पत्र्यांच्या चळतीत, सोबत नट-बोल्टांची पिशवी आणि एक कागद. कागदावर नुसती चित्रं. चित्रातला माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत हसत होता, त्यावरूनच मी ओळखायला हवं होतं की हे काम त्याने कधी केलेलं नाही. पण घरात सासरेबुवा होते. तुम्हाला ठाऊकच आहे, गुडघ्याच्या उपचारासाठी ते आमच्याकडे आले त्याला तीन महिने झाले, आणि तीन महिन्यांत खिडकीजवळच्या खुर्चीत बसून 'हं' यापलीकडे शब्द नाही. काहीही विचारा. जेवता का? हं. पंखा लावू का? हं. आग लागली आहे! हं. त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, उलटा होता तो सुलटा केला आणि म्हणाले, "पाना द्या." हिच्या हातून वाटी पडली.

माणूस चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर उभा राहिलेला. नट आतल्या बाजूने, बोल्ट बाहेरून. तेव्हा गच्चीवर पत्रे मांडून ते आत उभे राहिले, मी बाहेर. ते "धरा" म्हणाले की मी धरायचं आणि ते "तिथे नव्हे" म्हणाले की दुसरीकडे धरायचं, अशी कामाची वाटणी होती. चौथी बाजू बसली, वरची पट्टी बसली, शेवटचा नट करकचून आवळला गेला. मी टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या वाजवता वाजवता माझ्या लक्षात आलं की वाफा पूर्ण झाला आहे आणि सासरेबुवा त्याच्या आत आहेत.

पाय पट्टीपर्यंत उचलला जाईना. गुडघाच तसा. मी म्हटलं, एक बाजू सोडू. ते म्हणाले, "मी आवळलेला नट आजवर कुणी सोडलेला नाही, जावईबापू." मी स्टूल आणलं. स्टुलाकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की मी ते परत नेऊन ठेवलं. एवढ्यात माती घेऊन हमाल वर आला. पोतं खांद्यावर, घामाघूम. त्याने वाफ्याकडे पाहिलं, वाफ्यातल्या सासरेबुवांकडे पाहिलं, आणि जणू रोजच हे बघतो अशा आवाजात विचारलं, "यांच्यासकट भरायचं का?"

माती जिन्यात उतरवून घेतली. अठरा पोती. (कंबर तिथे गेली.) वर येतो तो काय, सासरेबुवा दोन्ही कोपरं पट्टीवर टेकून, डोळे मिटून उभे. चेहरा असा, की जणू पाहुणे गेल्यावर मनासारखी झोप मिळाली आहे. मी घाबरलो. हाक मारली तर म्हणाले, "पत्रा तापलाय." मी म्हटलं, अरेरे! ते म्हणाले, "अरेरे काय? गुडघ्याला शेक मिळतोय." डॉक्टरांनी गरम पाण्याची पिशवी सांगितली होती, ती त्यांनी तीन महिन्यांत एकदाही लावून घेतली नाही. काळा पत्रा उन्हात तापतो हे दुकानातल्या बाईंनी दोष म्हणून सांगितलं होतं, इथे त्याचं औषध झालं.

ते बाहेर आले ते ऊन उतरल्यावर, आत एक पोतं आणि बाहेर एक पोतं रचून, त्यावर पाय ठेवत, जिना उतरावा तसे. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्याबरोबर ते वर्तमानपत्र घेऊन गच्चीवर गेले आणि पोत्यावरून आत उतरले. तिसऱ्या दिवशीही. आणि आता ते बोलतात, साडूभाऊ! थांबत नाहीत. तीन महिन्यांचं साठलेलं सगळं. लेथ, फोरमन, फोरमनची सायकल, सायकलची चेन. मी दुकानात निघालो की म्हणतात, "बसा हो, गिऱ्हाइकांना कुठे दिसतंय तुम्ही उशिरा आलात ते." ही रोपं आणून बसली आहे, माती जिन्यात, सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोन दिवसांची मुदत दिली आहे आणि वाफा भरलेला, पण मातीने नव्हे.

तेव्हा हात जोडून विनंती, की सासरेबुवांना महिनाभर तुमच्याकडे न्यावं. तुमचाही वाफा काळाच आहे. माती काढून घेतली की झालं.

ताईंना नमस्कार, तुम्हाला वर घातलेलाच.

तुमचा थकलेला साडू

ता. क. : तुमचा वाफा चार बोटं बुटका आहे, पण त्यांना सांगू नका, येणार नाहीत.

ता. क. दुसरा (माझ्या हातचा, यांच्या पाठीमागे): भाऊजी, नमस्कार. यांच्या पत्रावर विश्वास ठेवू नका. जिन्यात मंगळवारपासून एकही पोतं नाही. तेरा मी कुंड्यांत आणि जुन्या बादल्यांत रिकामी केली, एक बाहेर पायरीला आहे, उरलेली चार वाफ्यात आहेत. दोनांवर बाबा बसतात, दोनांवर हे. यांचं दुकान हल्ली रोज अकराला उघडतं. हे पत्रसुद्धा आत बसूनच लिहिलं आहे, मी वरून दोन चहा दिले. बाबांना कुठेही न्यायचं नाही. मात्र माझ्या रोपांसाठी दुसरा वाफा घ्यायचा आहे, आणि दुकानातल्या बाईंनी यांना पुन्हा आणू नका म्हणून सांगितलं आहे. तेव्हा रविवारी तुम्ही माझ्याबरोबर चला. ताईलाही आणा.

ता. क. तिसरा : आशीर्वाद. दहा नंबरचा पाना आणावा, इथला मातीत गेला. वाफा जोडताना तुम्ही बाहेरच्या बाजूला राहावे. फोटो पाहिले आहेत.